शिकाऊ गाइड डॉगला हात का लावायचा नाही?

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासच्या भटक्या कुत्र्यांविषयी आदेश दिले, नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस आगारे आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्र्यांविषयी आणखी एक आदेश आला, आणि मुंबईतल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये कुत्रा हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. या वादात एका बाजूला कुत्र्यांना माया लावणारे असतात, तर दुसऱ्या बाजूला त्यांची भीती किंवा किळस वाटणारे. सार्वजनिक जागेत कुत्रा दिसला की त्याला जवळ घ्यायचे किंवा हाकलायचे, एवढेच दोन पर्याय आपल्याला ठाऊक असतात. कुत्रा शेजारी असताना त्याची दखलच न घेणे हा तिसरा पर्याय आपल्या अंगवळणी पडलेला नाही, आणि काही माणसांचे रस्त्यावरचे स्वातंत्र्य नेमके याच तिसऱ्या पर्यायावर अवलंबून असते.

गिरगाव, दादर, पार्ले येथील घरांतले आईवडील मुलांकडे लंडनला, न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला जातात, तेव्हा त्यांना हे अचानक समोर दिसते. बसमध्ये किंवा दुकानात लॅब्रॅडॉरचे चार-पाच महिन्यांचे पिल्लू असते, त्याच्या अंगात जॅकेट असते, जॅकेटवर ते प्रशिक्षण घेत असल्याचे लिहिलेले असते, आणि कौतुकाने पुढे गेलेला आपला हात पिल्लाबरोबरची व्यक्ती हसून, पण ठामपणे थांबवते. परत आल्यावर हमखास प्रश्न येतो की, एवढ्याशा पिल्लाला कुरवाळले तर बिघडले कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे, तर ते पिल्लू मोठेपणी कोणते काम करणार आहे हे आधी पाहावे लागेल.

कुत्रा रस्ता पाहतो, वाट माणूस ठरवतो

दृष्टिहीन व्यक्तीला सुरक्षितपणे चालता यावे म्हणून शिकवून तयार केलेला कुत्रा म्हणजे गाइड डॉग. त्याच्या छाती-पाठीवर पट्ट्यांचा एक साज बांधलेला असतो आणि त्यातून वर आलेला कडक दांडा दृष्टिहीन व्यक्तीच्या डाव्या हातात असतो. या साजाला हार्नेस म्हणतात. कुत्रा किंचित वळला, मंदावला किंवा थांबला, की ते त्या दांड्यातून हाताला लगेच कळते.

पुष्कळांची अशी समजूत असते की मालकाने "स्टेशनला चल" म्हटले की कुत्रा त्याला स्टेशनवर नेतो. प्रत्यक्षात दोघांमध्ये कामाची वाटणी असते आणि ती आपल्या बेस्टच्या बसमधल्या ड्रायव्हर-कंडक्टरसारखी असते. कंडक्टर दोन घंट्या देतो तेव्हा बस सुटते, एक दिली की थांबते. पण समोरचा रस्ता ड्रायव्हरच्या नजरेत असतो, आणि दोन घंट्या झाल्या त्याच क्षणी कोणी बससमोर आले, तर ड्रायव्हर घंटी बाजूला ठेवून ब्रेक दाबतो. त्याचप्रमाणे कुठे जायचे, कोणत्या गल्लीत वळायचे, रस्ता कधी ओलांडायचा हे दृष्टिहीन व्यक्ती ठरवते. तिच्या मनात रस्त्याचा नकाशा असतो आणि वाहनांच्या आवाजावरून ती अंदाज घेते. कुत्रा सिग्नल वाचत नाही. लाल आणि हिरव्या रंगांतला फरक त्याला आपल्यासारखा दिसतही नाही. सरळ रेषेत चालणे, वाटेतले अडथळे चुकवणे, फुटपाथची कड आणि पायरी आली की थांबणे, सांगितल्यावर दार किंवा जिना शोधून देणे, ही त्याची कामे असतात.

यांतले सर्वांत अवघड काम म्हणजे स्वतःला न लागणारा अडथळा ओळखणे. कुत्र्याची उंची माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर असते. फेरीवाल्याच्या ताडपत्रीची मानेशी येणारी दोरी, टेम्पोचा उघडा फाळका, होर्डिंगसाठी आडवा बांधलेला बांबू यांखालून तो आरामात जाऊ शकतो. मालकाचे कपाळ मात्र फुटू शकते. पांढऱ्या काठीलाही हे अडथळे कळत नाहीत, कारण काठी जमिनीलगत फिरते. म्हणून प्रशिक्षक अशा अडथळ्यापाशी थांबतो, त्यावर हाताने थाप मारून कुत्र्याचे लक्ष वर वेधतो, मागे येतो आणि पुन्हा चालू लागतो. हे इतक्या वेळा केले जाते, की कुत्रा हळूहळू आपल्या अंगाबरोबर शेजारच्या माणसाची उंची आणि रुंदीही मोजून चालू लागतो.

या शिक्षणाचे टोक म्हणजे विवेकी अवज्ञा. "पुढे चल" अशी आज्ञा मिळाली, पण समोरून आवाज न करणारी गाडी येत असेल किंवा गटाराचे झाकण उघडे असेल, तर कुत्र्याने आज्ञा मोडून जागीच उभे राहायचे असते. हा निर्णय घ्यायला त्याच्याकडे क्षणभर वेळ असतो, आणि त्या क्षणी त्याचे लक्ष रस्त्यावर असावे लागते. बसमध्ये ड्रायव्हरजवळ 'चालकाशी बोलू नये' असे लिहिलेले असते. कुत्र्याच्या जॅकेटवरचा मजकूर त्याच कारणासाठी असतो.

ही पद्धत फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६मध्ये जर्मनीतील ओल्डनबुर्ग येथे अशी पहिली शाळा निघाली. जर्मनीतली ही कल्पना डोरोथी यूस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाईंच्या लेखातून १९२७मध्ये अमेरिकेत पोहोचली. तो लेख वाचून घेतलेला मॉरिस फ्रँक हा दृष्टिहीन तरुण स्वित्झर्लंडला गेला, बडी नावाच्या कुत्रीबरोबर शिकून परतला, आणि १९२९मध्ये 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. इंग्लंडमधल्या पहिल्या जोड्या १९३१च्या. आज अशा संस्थांसाठी दर्जाचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, तो १९८९चा.

पिल्लाची पहिली शाळा म्हणजे अनोळखी माणसे

गाइड डॉगच्या शाळेत पिल्लू जन्मले की ते तिथेच वाढते, असे नसते. साधारण सात-आठ आठवड्यांचे झाल्यावर ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबाकडे दिले जाते आणि वर्ष-सव्वा वर्ष तिथेच राहते. हार्नेस, अडथळे, रस्ता ओलांडणे यांचे शिक्षण नंतर प्रशिक्षकाकडे होते. या पहिल्या वर्षात कुटुंबाने पिल्लाला जग दाखवायचे असते: लिफ्ट, जिने, बाजार, बस, गडगडाट, छत्र्या, व्हीलचेअर, रडणारी मुले.

यामागे एक साधे जैविक कारण आहे. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लाचे मन नव्या गोष्टी सहज स्वीकारते. या काळात जे आवाज, वास आणि माणसे त्याने शांतपणे अनुभवली, त्यांची त्याला पुढे भीती वाटत नाही. जे अनुभवलेच नाही, ते मोठेपणी धोक्याचे वाटू शकते. म्हणून ही पिल्ले गर्दीत आणली जातात आणि म्हणूनच ती आपल्याला बसमध्ये भेटतात.

गर्दीत त्याने काय शिकायचे असते, इथेच बहुतेकांची समजूत चुकते. आपल्याला वाटते की पिल्लाला माणसांची आवड लागावी म्हणून त्याला बाहेर आणतात, आणि मग आपण लाड केले तर शिक्षणाला हातभारच लागेल. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींना माणसांची आवड शिकवावी लागत नाही. ती रक्तातच असते. त्यांना शिकवायचे असते ते असे, की माणसे आजूबाजूला असतील, त्यांच्या पिशव्यांतून मासळीचा वास येईल, मुले किंचाळतील, कोणी टाळी वाजवेल, आणि यांतले काहीही आपल्यासाठी नसेल. भीती नको आणि ओढही नको, अशी ही वृत्ती आहे. पिल्लाजवळून शांतपणे निघून जाणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्याला हा धडा देत असतो. काही न करणारा माणूस हाच या शाळेतला शिक्षक आहे, हे मला या सगळ्या पद्धतीतले सर्वांत सुंदर वाटते.

एका बिस्किटाने काय होते

आठ-नऊ महिन्यांचे पिल्लू पट्ट्यासकट बस स्टॉपवर बसले आहे, अशी कल्पना करावी. शेजारची व्यक्ती "अले अले, कोण आलंय हे" म्हणत वाकते. पिल्लाचा आधी एक कान वळतो, मग मान. पुढच्या पंजांवर वजन येते, मागचा भाग जमिनीवरून इंचभर उचलला जातो, आणि पट्टा ताणला जातो. सांभाळणारी व्यक्ती यावेळी पट्टा खेचत नाही की ओरडत नाही. ती जागच्या जागी उभी राहते. पिल्लू एकदा समोर, एकदा मागे पाहते, आणि पट्टा पुन्हा सैल पडला की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणून त्याला हातातला दाणा मिळतो. पट्टा सैल ठेवण्यात फायदा आहे, हे त्याच्या मनात एका रेषेने गडद होते.

आता याच प्रसंगात पट्टा ताणलेला असतानाच शेजारच्या व्यक्तीने ग्लुकोजचे बिस्किट पुढे केले, तर नेमका उलटा धडा पक्का होतो: ओढले की मिळते. "एकदाच तर दिले," असे आपण म्हणतो. पण प्राण्यांच्या शिकण्याविषयी एक चांगली प्रस्थापित झालेली गोष्ट अशी आहे, की दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय ते थांबल्यावर लवकर सुटते, आणि कधीमधी, अनपेक्षितपणे मिळणाऱ्या बक्षिसाची सवय फार चिवट असते. दहा माणसांनी दुर्लक्ष केले आणि अकराव्याने बिस्किट दिले, तर पिल्लू प्रत्येक माणसाकडे आशेने पाहू लागते. त्या अकराव्या माणसाला वाटते की आपण एकटेच आहोत. पिल्लाच्या दृष्टीने तो पूर्ण रांगेचा अर्थ बदलून टाकतो.

बक्षीस म्हणजे केवळ खाऊ नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते. अशा माणूसवेड्या कुत्र्याला स्पर्श, लाडाचा आवाज, नावाने मारलेली हाक आणि रोखून पाहिलेली नजर हीसुद्धा बक्षिसेच असतात. "मी हात लावला नाही, फक्त चुक-चुक केले" हे म्हणूनच निमित्त ठरत नाही. हाच कुत्रा दोन वर्षांनी हार्नेस घालून रस्त्याच्या कडेला उभा असेल, तेव्हा त्या चुक-चुक आवाजाने त्याची मान वळू शकते आणि दांडा धरलेल्या माणसाला मान वळल्याचे कळते, पण का वळली ते कळत नाही. डावीकडे अडथळा आहे का, गाडी आहे का, की कोणी लाड करते आहे, हे ओळखण्याचे साधन त्याच्याकडे नसते. मालकाचा कुत्र्यावरचा विश्वास अशा छोट्या-छोट्या खोट्या इशाऱ्यांनी झिजतो. त्यामुळेच काही दृष्टिहीन व्यक्ती अनोळखी माणसांनी विचारले तर आपल्या कुत्र्याचे खरे नाव सांगत नाहीत.

खाण्याचा प्रश्न तर आणखी व्यावहारिक आहे. गाइड डॉगचे जेवण ठरलेल्या वेळी आणि मापाने दिले जाते, कारण त्यावर त्याच्या शौचाची वेळ ठरते आणि न दिसणाऱ्या मालकाला ती वेळ आधी ठाऊक असावी लागते. रस्त्यावर मिळालेल्या वडापावच्या तुकड्याने हे गणित बिघडते. शिवाय कांदा, द्राक्षे-मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात. जमिनीवर खाणे शोधायची सवय लागलेला कुत्रा मालकाला खाऊगल्लीतून सरळ नेऊच शकत नाही. तो प्रत्येक गाडीपाशी नाक खाली घालतो, आणि नाक खाली गेले की नजरही खाली जाते.

मग पिल्लाला कोणी भेटायचेच नाही का?

भेटायचे, पण विचारून आणि ते म्हणतील त्या रीतीने. पिल्लू सांभाळणारे बहुतेक लोक या प्रश्नाने आनंदतात, कारण शांतपणे भेटायला शिकणे हाही अभ्यासक्रमाचा भाग असतो. सर्वसाधारण रीत अशी असते, की आधी पिल्लू बसते, मग सांभाळणारी व्यक्ती परवानगीचा ठरलेला शब्द उच्चारते, आणि त्यानंतरच पाहुण्याने त्याच्या छातीला किंवा खांद्याला हळू हात लावायचा. पिल्लू उठले किंवा उडी मारू लागले, की पाहुण्याने हात काढून सरळ उभे राहायचे. चारही पाय जमिनीवर असले तर माया मिळते, नाहीतर ती थांबते, हे पिल्लाला दोन-तीन फेऱ्यांत उमगू लागते.

कधी कधी विचारूनही नकार मिळतो. त्या दिवशी पिल्लू थकलेले असेल, नुकतेच घाबरलेले असेल, किंवा दुर्लक्ष करण्याचाच धडा चालू असेल. नकाराचे कारण मागू नये.

लहान मुलांना हे समजावणे वाटते तितके कठीण नाही. "तो आता कामावर आहे" एवढे वाक्य त्यांना पुरते, कारण कामावर असलेल्या माणसाला त्रास द्यायचा नाही हे त्यांनी घरात ऐकलेले असते. अडचण प्रौढांची होते. "मला कुत्र्यांची सवय आहे, मला काही करत नाही" असे म्हणून हात पुढे करणारे बहुधा तेच असतात.

पण हा त्या मुक्या जिवावर अन्याय नाही का?

हा आक्षेप मनापासून घेतलेला असतो आणि त्याला टाळता कामा नये. जन्मभर काम, खेळ नाही, कोणाचा हात नाही, असे त्या कुत्र्याचे आयुष्य असते असे चित्र आपल्या मनात तयार होते, कारण आपल्याला तो फक्त कामाच्या वेळी दिसतो. जॅकेट किंवा हार्नेस अंगावर चढला की काम सुरू, उतरला की सुट्टी, हा भेद कुत्र्याला फार लवकर कळतो. घरी तो चेंडूमागे धावतो, लोळतो, मालकाच्या पायाशी झोपतो. दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्याने राहून संध्याकाळी दहा मिनिटे खाली उतरणाऱ्या पाळीव कुत्र्यांपेक्षा त्याचा दिवस भरलेला असतो आणि ज्याच्यावर त्याचा जीव आहे, ते माणूस जवळजवळ चोवीस तास त्याच्या सोबत असते.

शिवाय हे काम कुत्र्यावर लादून होत नाही. ज्याला गर्दीचा ताण येतो, ज्याच्या खुब्याच्या सांध्यात दोष निघतो, ज्याला मांजर दिसले की राहवत नाही, तो शिक्षणातून बाहेर काढला जातो. अशा कुत्र्यांची संख्या थोडी नसते. त्यांतले काही इतर प्रकारच्या मदतीच्या कामाला जातात, तर काही घरगुती पाळीव कुत्रे होतात, आणि पुष्कळदा ज्या कुटुंबाने पिल्लू वाढवले त्यालाच पहिली विचारणा होते. काम करणारे कुत्रेही नऊ-दहा वर्षांच्या आसपास निवृत्त होतात.

ज्यांना खरोखर टोचणी लागावी अशी एक गोष्ट इथे आहे, आणि ती म्हणजे ताटातूट. पिल्लू वाढवणाऱ्या कुटुंबाकडून ते प्रशिक्षकाकडे जाते, तिथे काही महिने राहते, आणि मग तिसऱ्या माणसाचे होते. कुटुंबाला त्याचा त्रास होतोच. कुत्र्यालाही सुरुवातीचे दिवस जड जातात. कुत्री नव्या माणसाशी नाते जोडू शकतात, म्हणून हे निभावते, पण त्याची किंमत शून्य असते असे कोणी म्हणू नये.

जोडी जुळते तेव्हा घरच्यांनाही नियम असतात

प्रशिक्षकाकडचे शिक्षण काही महिने चालते. शेवटी प्रशिक्षक स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून कुत्र्याबरोबर रस्त्यावर चालतो. त्यानंतर जोडी ठरते, आणि तिथे माणसाची उंची, चालण्याचा वेग, राहण्याची जागा, रोजचा प्रवास, स्वभाव हे सगळे पाहिले जाते. झपझप चालणाऱ्या माणसाला संथ कुत्रा दिला, तर दोघेही वैतागतात. मग दोन ते चार आठवडे दोघांचे एकत्र शिक्षण होते.

घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कुटुंबातल्या इतरांना कुत्र्याला खाऊ घालू नका, फिरायला नेऊ नका, फार खेळवू नका असे सांगितले जाते. आपल्याकडच्या भरल्या घरात हे किती अवघड जाईल याची कल्पना करता येते. आजी पोळीचा तुकडा देणार, काका बॉल फेकणार, शेजारची मुले दार वाजवणार. पण कुत्र्याच्या दृष्टीने जेवण, खेळ आणि बाहेर जाणे हे सर्व एकाच माणसाकडून आले, तरच त्या माणसाचा शब्द त्याच्यासाठी सर्वांत मोलाचा होतो. नाते पक्के झाले की घरातले लाड हळूहळू सुरू करता येतात.

रस्त्यात अशी जोडी भेटली तर

बोलायचे ते माणसाशी, कुत्र्याशी नाही. मदत करावीशी वाटली तर आधी विचारावे, आणि हवी म्हटले तर उजव्या बाजूला उभे राहून आपले कोपर पुढे करावे. अशा वेळी दृष्टिहीन व्यक्ती हार्नेसचा दांडा सोडते आणि पट्टा तेवढा हातात ठेवते. दांडा सुटला की आता वाट काढायची जबाबदारी आपली नाही, हे कुत्र्याला कळते. मुंबईकर चांगल्या मनाचा असतो, पण त्याची मदत बहुधा न विचारता येते: दंड धरायचा आणि रस्त्यापलीकडे नेऊन सोडायचे. गाइड डॉगबरोबर चालणाऱ्या माणसाला असे खेचले, तर कुत्र्याला दोन वेगवेगळ्या दिशा मिळतात, आणि हार्नेस धरणे हे तर धावत्या बसचे स्टिअरिंग धरण्याइतके धोक्याचे आहे.

गाडी चालवणाऱ्याने हॉर्न वाजवून किंवा हात हलवून "जा" असे सुचवू नये. हात दिसत नाही, आणि हॉर्नमुळे ज्या आवाजांवरून अंदाज घ्यायचा तेच बुजतात. झेब्रा पट्ट्यांच्या मागे थांबणे पुरेसे असते. आपल्याबरोबर आपला कुत्रा असेल, तर पट्टा आखडून लांबून जावे.

ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांनी काय करायचे? त्यांनी निःसंकोच अंतर ठेवावे. त्यांच्यावर कुत्रा आवडून घेण्याची सक्ती कोणी करत नाही. उलट दुर्लक्ष करणारा माणूस या कुत्र्याला सर्वांत सोयीचा. हवे तर मालकाला शब्दांत सांगावे, म्हणजे तो कुत्र्याला दुसऱ्या बाजूला घेऊ शकतो. किंचाळणे, पाय आपटणे किंवा पिशवी फिरवणे मात्र टाळावे, कारण कुत्र्याला हुशारी कितीही असली तरी अचानक हालचालीने तो दचकतोच.

मुंबईत हे कुत्रे का दिसत नाहीत?

भारतात गाइड डॉग अगदी विरळा आहेत. वरळीचे हॅपी होम, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा, दादरची कमला मेहता शाळा, १९५२मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड अशी अंधांसाठीच्या कामाची मोठी परंपरा या शहरात आहे, आणि त्या परंपरेचे मुख्य साधन पांढरी काठी हेच आहे. काठी स्वस्त असते, तिला खायला लागत नाही, लोकलच्या दिव्यांग डब्यात ती घडी करून ठेवता येते. गाइड डॉग मिळवण्यासाठीसुद्धा आधी काठीने स्वतंत्र चालता यावे लागते, कारण वाट माणसालाच माहीत असायला हवी. त्यामुळे कुत्रा हा काठीपेक्षा श्रेष्ठ असा काही क्रम नाही. श्रीमंत देशांतही थोडेच दृष्टिहीन लोक कुत्रा घेतात.

तरीही ज्याला हवा आहे त्याला इथे तो मिळत नाही, याची कारणे पाहण्यासारखी आहेत. "मुंबईची गर्दी कुत्र्याला झेपणार नाही," हे कारण सर्वांत जास्त ऐकू येते आणि ते सर्वांत कच्चे आहे. टोकियोच्या गाड्याही खच्चून भरतात आणि तिथे गाइड डॉग पायाशी बसून प्रवास करतात. जपानने २००२मध्ये मदतनीस कुत्र्यांना सार्वजनिक जागांत प्रवेश देणारा कायदाही केला. गर्दीपेक्षा आपल्या फुटपाथची अवस्था हे मोठे कारण आहे. कुत्र्याला फुटपाथच्या कडेला थांबायला शिकवतात. जिथे फुटपाथ दुकानाच्या पायऱ्यांनी, उभ्या मोटरसायकलींनी आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकनी तुटक झाला आहे, तिथे कड कुठे संपते हेच ठरत नाही. उन्हाळ्यात दुपारी तापलेले डांबर पंजे भाजू शकते, ही आणखी एक अडचण.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे. प्रत्येक गल्लीची टोळी आपल्या हद्दीत आलेल्या परक्या कुत्र्यावर धावते, आणि हार्नेसमधला कुत्रा पळूही शकत नाही, उलटूनही जाऊ शकत नाही. हा धोका केवळ आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये पाळीव कुत्र्यांनी गाइड डॉगवर हल्ला करण्याचे प्रकार इतके गंभीर मानले गेले, की २०१४मध्ये तिथे त्यासाठी मालकाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. आपल्याकडे नसबंदी आणि लसीकरण नेटाने चालले, खाऊ घालण्याच्या जागा वाहत्या रस्त्यापासून दूर ठरल्या, तर त्याचा फायदा काठीवाल्यांनाही होईल, कारण झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर काठी पडणे हा त्यांचा नेहमीचा धसका आहे.

पैशाचा प्रश्नही आहे. एक कुत्रा तयार करायला दोन वर्षे, पशुवैद्य, प्रशिक्षक आणि चांगल्या पैदाशीची सोय लागते. परदेशात हा खर्च देणग्यांतून भागतो आणि दृष्टिहीन व्यक्तीकडून नाममात्र रक्कम घेतली जाते. 'द सीइंग आय' पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर घेते, आणि ही रक्कम १९३४पासून बदललेली नाही. एवढ्या दीर्घ मुदतीच्या कामासाठी आपल्याकडे देणगीदार मिळणारच नाहीत, असे मला वाटत नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकात देणगीतूनच उभे राहिले.

मोबाइल फोन आणि चष्म्यातले कॅमेरे आल्यावर कुत्रा कशाला, असेही विचारले जाते. पाटी वाचणे, नोट ओळखणे, आपण कुठे आहोत ते सांगणे ही कामे फोन उत्तम करतो, आणि करू द्यावीत. धावत्या रिक्षासमोर शरीराने आडवे उभे राहून माणसाला थांबवणे हे त्याचे काम नाही.

आज, इथे, काठीबरोबर

कायद्याच्या पातळीवर भारताने दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७मध्ये मान्य केला. स्वतंत्रपणे हिंडण्याफिरण्यासाठी साधनांबरोबर सजीव साहाय्यही उपलब्ध व्हावे, असे त्या करारात म्हटले आहे. आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. गाइड डॉग मुंबईत यायचा तर हॉटेलच्या दारावरचा सुरक्षारक्षक, सोसायटीचे सचिव, टॅक्सीवाला आणि लोकलमधले सहप्रवासी या सर्वांना तो कोण आहे हे आधीच माहीत असावे लागेल; नाहीतर जोडी प्रत्येक दारावर अडेल.

तोवर या लेखातले बहुतेक सर्व काठी घेतलेल्या माणसालाही लागू पडते. दादरच्या पुलावर कोणी काठीने पायऱ्या मोजत उतरत असेल, तर काठी धरू नये, मागून ढकलू नये. दिव्यांग डब्याची जागा सांगणारा फलाटावरचा बीप-बीप आवाज ऐकत कोणी उभे असेल, तर त्याच्या अगदी जवळ उभे राहून फोनवर मोठ्याने बोलू नये. मदत विचारावी, हवी असल्यास कोपर द्यावे, पायरी चढती आहे की उतरती हे आधी सांगावे, "इकडे", "तिकडे" ऐवजी "तुमच्या उजवीकडे चार पावलांवर" असे म्हणावे, आणि आपली वाट वेगळी झाली की "मी आता निघतो, तुम्ही फलाट क्रमांक तीनच्या जिन्यापाशी आहात" असे सांगूनच निघावे.